तोंडावर बोट

६ जानेवारी, सोमवार

यांची कवळी पुन्हा हरवली. सकाळचा अर्धा तास त्यात गेला. शेवटी चष्म्याच्या डबीत सापडली — आणि चष्मा कुठे? कवळी ठेवायच्या पेल्यात, पाण्यात! निवृत्त झाल्यापासून हे असंच. मी हसले तर म्हणतात, "अगं, दोन्ही तोंडालाच लावायच्या वस्तू, जरा इकडच्या तिकडे झाल्या तर काय बिघडलं."

धावतपळत शाळेत. मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावून सगळ्या शिक्षकांना बजावलं — वर्गाचे फोटो सतरा तारखेला, पोरं नीटनेटकी दिसली पाहिजेत. मग माझ्या तिसरीच्या रांगेतून फिरले. नखं, कॉलरी, केस, दात. अडतीस पोरं. एकाच्या कानात शाई! आज शहाणीसुद्धा सापडली. "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हटलं की बाकीची दोन मिनिटांत बोट काढतात, ही तासभर ठेवते, म्हणून मी तिला शहाणी म्हणते आणि आता सगळेच म्हणतात. बोट काढायला लावलं तर पुढचे दोन दात पिवळेजर्द. म्हटलं, "काय गं शहाणे, मक्याचे दाणे लावून आलीस का? घास जरा, फोटोत दिसतील हो!" सगळा वर्ग हसला. तीही बोटाआडून हसली.

खडूचा नवा खोका उघडला. गणिताच्या वह्या तपासायच्या राहिल्या. उद्या नक्की.

८ जानेवारी, बुधवार

दातांची तपासणी. दवाखान्यातून डॉक्टरीणबाई आल्या होत्या, वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील. कपाळावर दिवा, हातात काडीला लावलेला इवलासा आरसा. त्या बोलतात, सोबतची मुलगी लिहून घेते. मी दारात रांग सांभाळत होते, त्यामुळे अर्धवटच ऐकू येत होतं. कीड, कीड, ठीक, कीड. अडतिसांत एकोणीस पोरांचे दात किडलेले! मी म्हटलं, "गोळ्या-चॉकलेटं, दुसरं काय." त्या म्हणाल्या, "तेवढंच नसतं हो बाई." पुढे काही सांगणार होत्या, तेवढ्यात रांगेत दोघांची मारामारी लागली.

शहाणी बोट काढेना. डॉक्टरीणबाईंनी तिची खुर्ची खिडकीपासून लांब नेली. "वारा लागतो का गं?" म्हणाल्या. तेव्हा कुठे तोंड उघडलं. बराच वेळ बघत होत्या. एवढे लाड मी नाही करत कुणाचे.

९ जानेवारी, गुरुवार

यादी आली. दवाखान्यात न्यायची मुलं — तिसरीतून सात. सहाजणांपुढे शेरा "कीड" आणि शेजारी बरोबरची एक खूण. शहाणीपुढे शेरा — "खडू". आणि बरोबरच्या खुणा दोन!

खडू? आधी काही बोध होईना. मग एकदम लक्षात आलं. सोमवारी उघडलेल्या खोक्यातले चार-पाच खडू आत्ताच गायब आहेत आणि मी फळ्यावर एवढं लिहीत नाही. खाते ही! आमच्या लहानपणी पाटीवरची पेन्सिल खाणाऱ्या मुली होत्याच की. एकीला तर चिमणीच्या काचेवरची काजळी आवडायची. पण शहाणी? तीच पोरगी, जिच्याकडे बोट दाखवून मी बाकीच्यांना म्हणते, बघा, असं बसायचं?

दुपारी मोठ्या बाईंचा निरोप — गाडीत दर वर्गाला सहाच जागा. सातातून एक गाळा. विचार करायची वेळच आली नाही. कीड हा रोग, खडू ही खोड. शहाणीच्या नावावर काट मारली. खोडीला दवाखाना कशाला, त्याचं औषध माझ्याकडे आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

आज आणखी एक खडू गेला. शहाणी जागेवर, तोंडावर बोट.

१३ जानेवारी, सोमवार

मधल्या सुट्टीत नळापाशी पकडली. ओठाच्या कडेला पांढरी भुकटी.

"खडू घेतलास ना?" मान हलली — हो.

"तोंडात घातलास?" — हो.

"खाल्लास?" — थांबली. मग हो.

चोर मुद्देमालासकट! पण गंमत बघ, ती नाही म्हणेल आणि मी ओरडेन असं मी मनात धरून गेले होते. हो म्हटल्यावर पुढे काय बोलायचं तेच सुचेना. शेवटी तिला वर्गापुढे उभं केलं आणि सांगितलं की खडू खाल्ला की पोटात दगड होतो. (होतो का? कोण जाणे. माझी आई म्हणायची.) खोका कपाटात ठेवून कुलूप घातलं. तिच्या आईला चिठ्ठी दिली.

१५ जानेवारी, बुधवार

शहाणीची आई आली. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात कामाला आहे. मनगटावर भाजल्याचे डाग. बसा म्हटलं तरी उभीच.

म्हणाली, "बाई, ही गार पाणी पीत नाही. पेला दोन्ही हातांत धरून बसते, कोमट होईपर्यंत. दात घासायचे म्हटलं की रडते. चावते पण एकाच बाजूने. ही खडू कसा खाईल?"

"तिने स्वतः कबूल केलंय," मी म्हटलं.

"मागच्या दाढांना खड्डे पडलेत तिच्या. पण दुधाच्याच आहेत ना, पडतील म्हणून मी काही..."

"पडतील की. तुम्ही खडूचं तेवढं बघा."

"बघते," म्हणाली. जाताना पोरीचं मनगट असं घट्ट धरलं की मलाच कसंतरी झालं.

आता माझ्या डोक्यात नुसता गुंता. गार पाणी चालत नाही, ब्रश चालत नाही आणि कडक खडू चालतो? का घासायचा कंटाळा म्हणून रडायचं सोंग? यांना विचारलं तर म्हणतात, "माझ्या कवळीला विचार, तिला गार-गरम सगळं चालतं." यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

गाडी आली. सहाजण उड्या मारत गेले, जसं काही सहलीला चाललेत. शहाणी फाटकापर्यंत माझ्या मागे आली. बोट काढून म्हणाली, "बाई, त्या डॉक्टर म्हणाल्या होत्या, मला पण नेणार." वर्षभरात तिच्या तोंडून एवढं मोठं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

म्हटलं, "आधी खडू सोड, मग बघू."

परत जाऊन जागेवर बसली. थोडं वाईट वाटलं. पण सहा म्हणजे सहा, मी तरी काय करणार?

१७ जानेवारी, शुक्रवार

फोटो. एका वर्गाला पाऊण तास! कुणाचा बूट सुटलेला, कुणाला शिंक. फोटोवाला घसा ताणून "हसा, हसा" करत होता. मी मधल्या खुर्चीवर, मागच्या रांगेत काय चाललंय ते मला कुठलं दिसायला. फोटो झाल्यावर उठून वळले तर शहाणीचं बोट खाली! मला बघितल्याबरोबर वर गेलं.

चार दिवसांत एकही खडू गेलेला नाही. कुलपाचा गुण आला म्हणायचा. फोटो महिनाअखेर येतील.

२१ जानेवारी, मंगळवार

आजचं सगळंच विचित्र.

मधल्या सुट्टीत शहाणी माझ्यापुढे मूठ उघडून उभी राहिली. मुठीत दाढेचा तुकडा. "पाव खाताना आला," म्हणाली. मी म्हटलं, "अरे वा, दुधाची दाढ पडली, आता नवी येणार!" आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. सदतीसजणांनी वाजवल्या. ती गालावर हात धरून रडत होती. मला वाटलं घाबरलीय.

पण रक्त कसं नाही? दुधाचे दात मी किती बघितलेत. एक तर माझ्या टेबलावरच येऊन पडला होता. असा तुकडा नव्हता बघितला कधी. पिवळट तपकिरी, एका बाजूने पांढुरका. नखाने खरवडला तर चक्क भुगा पडला.

पुडीत बांधून घरी आणला. यांची सगळी नोकरी कौलांच्या कारखान्यात गेली, त्यामुळे काहीही हातात दिलं की आधी भाजणी बघतात. खिडकीशी नेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, "हा वरून बसलेला डाग नाही. आतूनच कच्चं राहिलंय. असं कौल आम्ही बाजूला काढायचो. ते घासून काय होणार?"

"दात आहे तो, कौल नाही," मी म्हटलं.

त्यावर चष्मा काढून विचारलं, "दुखत असेल गं तिला. विचारलंस का?"

नाही विचारलं.

२२ जानेवारी, बुधवार

शाळा सुटल्यावर पुडी घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. तुकडा बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"ही त्या बोटवालीची ना? ती गाडीत का नव्हती?"

"ती खडू खाते ना, म्हणून."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. यादीत लिहिलंय."

त्यांनी नळ बंद केला. मग मला खुर्ची दिली आणि समोर बसून सांगितलं, अगदी मी पोरांना सांगते तसं, सावकाश. खडू हा त्यांचा आपसातला शब्द. दाढ खडूसारखी आहे, एवढाच अर्थ. दाताचं वरचं कवच बाळपणी हिरडीच्या आतच तयार होतं, जन्मापासून पहिल्या दोन-तीन वर्षांत. त्याच वेळी काहीतरी बिनसलं तर ते कच्चं राहतं. चारही मोठ्या दाढा आणि पुढचे दात, दोन्ही एकाच सुमाराचे, म्हणून दोन्हीकडे. का बिनसतं ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. मोठा ताप, मोठं आजारपण, असं म्हणतात. न घासल्यामुळे ते तसे होत नाहीत, गोळ्या खाल्ल्यामुळेही नाही. पण असं कच्चं कवच मिळालं की कीड भराभर आत शिरते. आणि वारा लागला तरी कळ येते.

"म्हणून तर बोट ठेवते ती तोंडावर," म्हणाल्या.

मी म्हटलं, "नाही हो, ती शिस्त आहे." हे मी म्हटलं! सगळं ऐकून झाल्यावरसुद्धा!

आणि दाढ दुधाची नाहीच. सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे येते, कुठलाही दात न पडता येते, म्हणून आईबापांना दुधाची वाटते. कायमची आहे. ती गेली की गेली.

"मी दोन खुणा केल्या होत्या बाई. म्हणजे सगळ्यांत आधी हिला आणा."

मला वाटलं होतं, खोड फार वाढलीय म्हणून दोन.

घरी येताना नेहमीच्या वळणावर वळायचंच विसरले. पार पुढे पोस्टापर्यंत गेले, मग परत फिरले. इतकी वर्षं शिकवतेय आणि एक तीन अक्षरांचा शेरासुद्धा — नाही, दोन अक्षरांचा. बघ, मोजतासुद्धा येईना आज.

आणि एक कळत नाही. खाल्लाच नव्हता तर ती हो का म्हणाली?

२३ जानेवारी, गुरुवार

इस्त्रीच्या दुकानात गेले. तिच्या आईला सगळं सांगितलं — दाढा कच्च्या आहेत, खडू खाण्याशी काही संबंध नाही, शनिवारी मी स्वतः घेऊन जाते. ती चादर घडी करत होती, अर्ध्यावर थांबली. म्हणाली, "वर्षाची होती, तेव्हा ताप आला होता. दहा दिवस उतरला नाही. हातची जाते की काय असं झालं होतं. म्हणजे माझंच चुकलं का बाई?"

"तुमचं काहीच चुकलं नाही. कुणाचंच नसतं, डॉक्टर म्हणाल्या."

पुढचं वाक्य माझं होतं. गाडीतून मी नाव गाळलं, ते सांगायचं होतं. दुकानात गिऱ्हाईक आलं आणि मी निघून आले. गिऱ्हाईक नसतं आलं तरी मी निघूनच आले असते. भित्री कुठली.

२५ जानेवारी, शनिवार

आम्ही तिघी दवाखान्यात. मोठ्या खुर्चीत पोरगी एवढीशी दिसत होती. डॉक्टरीणबाईंनी खिडकी लावून घेतली, पंखा बंद केला. अशा दाढा लवकर बधिर होत नाहीत म्हणे, इंजेक्शन दोनदा द्यावं लागलं. तिने माझं बोट धरलं होतं. आईचा हात दुसऱ्या बाजूला होता. मला वाटलं चुकून धरलंय, सोडवून आईकडे द्यावं का? नाही सोडवलं.

तुटलेली वाचली नाही. काढावी लागली. बाकीच्या तिन्हींवर दोन खेपांमध्ये स्टीलच्या टोप्या बसवणार, त्या वाचतील. मी विचारलं, "सोळा तारखेला आली असती तर?" डॉक्टरीणबाई हातमोजे काढत होत्या. म्हणाल्या, "तेव्हा तुटली नव्हती. हिलाही टोपी बसली असती बहुतेक." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "वय बरं आहे. अजून न उगवलेली मागची दाढ पुढे सरकून ही जागा घेईल. पुष्कळदा घेते."

बाहेर बाकावर बसलो. पोरीच्या गालात कापसाचा बोळा. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी तिच्या आईला सांगून टाकलं. "गाडीच्या यादीत हिचं नाव होतं. मी काट मारली. मला वाटलं खोड आहे."

ती पोरीच्या फ्रॉकची बाही सारखी करत राहिली, सारखीच होती तरी. मग म्हणाली, "मी तिला खडूसाठी मारलं, बाई. तुमची चिठ्ठी आली त्या दिवशी. ती हो-नाही काहीच म्हणेना म्हणून अजून मारलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२७ जानेवारी, सोमवार

वर्गाला सांगितलं. शहाणीने खडू खाल्ला नाही, बाईंचं वाचायला चुकलं. एकाने विचारलं, "मग बाई, तुम्ही पन्नासदा लिहिणार?" मी म्हटलं, लिहिते. फळ्यावर लिहिलं सुद्धा, "मी विचारल्याशिवाय ठरवणार नाही." बारा वेळांत फळा भरला. पोरं जाम खूश.

"तोंडावर बोट" हे आता म्हणायचं नाही असं ठरवलंय. तीनदा तोंडातून निघालं आणि तीनदा जीभ चावली. खिडकीपासून लांबची जागा तिला दिली. डबा खायला अर्धा तास जास्त.

सुट्टीत तिला एकटीला विचारलं, "तू खाल्ला नव्हतास, मग हो का म्हणालीस गं?" डब्याचं झाकण लावत राहिली. या वहीत तेरा तारखेला मीच लिहिलंय — घेतलास ना, हो. तोंडात घातलास, हो. खाल्लास म्हटल्यावर थांबली. म्हणजे पहिले दोन हो खरे आणि तिसरा घाबरून? पण घेतला, तोंडात घातला आणि खाल्ला नाही, याचा अर्थ काय? ओठावर भुकटी तर मी डोळ्यांनी बघितली. पुन्हा विचारलं, "मग काय केलंस त्याचं?" तिने बोट तोंडावर ठेवलं. मीच शिकवलंय, आता काढ कसं म्हणू.

यांना विचारलं. यांनी पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. म्हणाले, "सांगेल तेव्हा सांगेल." कपाटाचं कुलूप काढलं. एकही खडू जात नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

फोटो आले.

मागच्या रांगेत उजवीकडून तिसरी शहाणी. बोट खाली. हसतेय. पुढचे दोन दात पांढरेफेक, अडतीसजणांत सगळ्यांत पांढरे. खालच्या ओठावर खडूची भुकटी.

वही मागे उलटत उलटत ६ जानेवारीवर आले. माझंच अक्षर. "घास जरा, फोटोत दिसतील हो!" आणि त्याच्यापुढे — सगळा वर्ग हसला.